बिनदुख्या टॅटूचं दुकान

४ मार्च

बायको म्हणते, दिवसभर माझं डोकं खात असतोस, त्यापेक्षा एक वही घे आणि तिचं खा. घेतली. वहीला डोकं नाही, हा तिचा मोठाच गुण आहे.

तर मुद्दा असा. मी टॅटू काढतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक बाक, आतल्या खोलीत मागेपुढे होणारी खुर्ची, दिवा आणि मी. चित्रकला माझी उत्तम आहे, हे माझे शत्रूसुद्धा सांगतील. अडचण एवढीच की गिऱ्हाइकं मध्येच उठून पळतात. आज या गावात माझ्या हातचे तीन अर्धे वाघ हिंडतायत. एकाला मागचे पाय नाहीत, दुसऱ्याला तोंड नाही, तिसऱ्याचं नुसतं शेपूट झालं होतं तेवढ्यात मालकाला महत्त्वाचं काम आठवलं. तो आता लोकांना सांगतो की हा वेल आहे.

बायको म्हणते तुझा हात जड आहे. मी म्हणतो लोकांची कातडी लाडावलेली आहे. या वादावर मी कायमचा तोडगा काढलाय: बधिरीचं मलम. लावा, थांबा, मग मी खुशाल नांगर चालवला तरी कळायचं नाही. पाटीसुद्धा रंगवायला टाकली, 'बिनदुख्या टॅटू'. समोरच्या रस्त्यावरचा टॅटूवाला आता बसेल बोंबलत.

७ मार्च

मलमाचा खोका आला. ऑनलाइन मागवला होता. नळीवर सगळा मजकूर कुठल्यातरी परक्या लिपीत आहे. बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलंय, त्यातला मला फक्त एक आकडा वाचता आला, आणि तो औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मलमाच्या दुप्पट निघाला. म्हणजे माल चांगला आहे.

स्वतःच्या मांडीवर लावून पाहिलं. थोड्या वेळाने बायकोचा केसांचा चिमटा लावला. काही नाही. दोन लावले. काही नाही. मांडी माझी आहे की शेजाऱ्याची, हेच कळेना. आनंदाच्या भरात तोच हात तोंडाला लागला आणि चहा हनुवटीवरून शर्टावर गेला.

"असा का हसतोयस?" बायकोने विचारलं.

"हसत नाहीये. ओठ कुठे आहे ते शोधतोय."

९ मार्च

रविवार, म्हणजे सासुरवाडीला जेवण, म्हणजे दाढसम्राटांचं व्याख्यान. दाढसम्राट म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. दातांचा डॉक्टर आहे आणि घरीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडात बघितल्यासारखाच बोलतो. सासूबाई त्याच्याकडेच राहतात. बायकोने मलमाचं सांगून टाकलं आणि त्याने घास खाली ठेवला.

"किती जागेवर लावणार आहेस?"

"जेवढा टॅटू तेवढ्या जागेवर."

"किती वेळ? वरून झाकणार का? गिऱ्हाइकाला हृदयाचा त्रास आहे का, दुसरी औषधं चालू आहेत का, विचारतोस?"

"मी टॅटू काढतो रे, लग्नं जुळवत नाही."

सासूबाई खुदकन हसल्या. त्याला हसू येत नाही, त्याचं खातंच बंद आहे. म्हणाला, "बधिरीचं औषध रक्तात जास्त गेलं तर आधी मेंदूला गाठतं, मग हृदयाला. मी सुई दिल्यावर पेशंटला सोडून हलत नाही. ओठ, जीभ, कान, सगळं विचारत बसतो."

"तू सुई आत खुपसतोस. मी मलम वरून लावतो. वरचं वर राहतं. कातडी म्हणजे रेनकोट असतो."

"रेनकोट नाही, जाळी असते."

"जेवू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "घरी तरी तो पांढरा कोट काढत जा. जावईबापू, भात घ्या."

दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायची याला हौसच आहे. मी भात घेतला.

१३ मार्च

यश! एक व्यायामशाळावाला आला. दंडावर चार बोटं रुंदीचा गरुड. मलम लावलं, थांबलो, आणि गडी खुर्चीत घोरला. गरुड पूर्ण झाला, चोच, नखं, सगळं. माझ्या हातून इतक्या महिन्यांत सगळे अवयव असलेला हा पहिला प्राणी.

आणखी एक शोध मलाच लागला. स्वयंपाकघरात उरलेल्या अन्नावर लावतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म मलमावर गुंडाळली की ते सुकत नाही आणि दुप्पट काम करतं. बायको फिल्म शोधत होती. मी म्हणालो, उंदीर असतील.

१८ मार्च

आज पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या. पाठभर मासोळ्या हव्या होत्या. पाठ म्हणजे मैदान. मी हात आखडता घेतला नाही, सढळ मलम, वर फिल्म. पहिली मासोळी होईपर्यंत ठीक होतं. मग म्हणाल्या, तोंडात नाणं चघळल्यासारखं लागतंय. मी म्हणालो, सकाळी काय खाल्लंत? म्हणाल्या, काही नाही. झालं! लोक उपाशी येतात आणि आमच्या नावाने खडे फोडतात. मग म्हणाल्या, कान वाजतायत. मी रेडिओ बंद केला. तरी वाजतच होते.

साखरपाणी दिलं. त्यांनी फिल्म ओरबाडून काढली, न्हाणीघरात जाऊन पाठ धुतली, तासाभराने बऱ्या झाल्या आणि एका मासोळीवर निघून गेल्या. नाजूकपणाची हद्द आहे. पाण्यात उड्या मारणारी बाई आणि खुर्चीत चक्कर येते!

२४ मार्च

आठवडाभर चिटपाखरू नाही. बाईंनी तलावावर काय सांगितलं कोण जाणे. मी बाहेरच्या बाकावर बसून पाटीकडे बघत होतो. पाटीचा पिवळा रंग जरा जास्तच झालाय.

दुपारी जिन्यावर धापा ऐकू आल्या. सासूबाई! इतक्या हलक्या की वाऱ्याची झुळूक आली तर कठडा धरतात, आणि हा जिना चढून आल्या. खोलीभर फिरल्या. बाकावर बोट फिरवून धूळ बघितली. मग खुर्चीत जाऊन बसल्या, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "काढा."

"काय काढू, आई?"

"तुमचं ते चित्र. दोन्ही पायांवर वेल काढा, घोट्यापासून वर. पानं, फुलं, पक्षी, काय हवं ते. फोटो घ्या आणि लावा बाहेर. सत्तरीच्या बाईला दुखलं नाही म्हटल्यावर पोरं येतील की नाही?"

या बाईला दुकानदारीची अक्कल आहे, हे मला पहिल्यांदाच कळलं. मात्र खरं कारण मी ओळखलं. मुलाला डिवचायचंय. म्हणाल्याच, त्याला सांगू नका, उगाच हृदयाच्या गोळ्यांचं काढून बसेल. ठोके ताळ्यावर राहावेत म्हणून रोज कसलीशी गोळी घेतात. मी म्हणालो, गोळी पोटात, मलम पायावर, त्यांची गाठ पडायची कुठे? गुरुवार ठरला. बायकोलाही सांगायचं नाही.

२७ मार्च

दुकानात बसून लिहितोय. मलम मुरेपर्यंत दुसरं काम नाही.

तयारी झकास झालीय. आधी पाय गरम टॉवेलने शेकले, मग खरखरीत हातमोज्याने लाल होईपर्यंत घासले, म्हणजे मलम आत मुरतं. मग सहा नळ्या, घोट्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. वर फिल्म. त्यावर पुन्हा उबेसाठी टॉवेल. सासूबाई म्हणाल्या, पाय अगदी भेट म्हणून द्यायला बांधल्यासारखे दिसतायत.

बराच वेळ झाला. थोडा आणखी थांबतो, आज कसर नको. सासूबाई माझ्याकडे बघून हसतात. विचारलं, बरं वाटतंय ना? म्हणाल्या, "मस्त. तुम्ही लिहा."

मघाशी ओठ चाटत होत्या. पाणी दिलं, अर्धं सांडलं. मी सांगितलं, माझंही असंच झालं होतं. त्या हसल्या.

गप्पा चालू आहेत. माझ्या बायकोच्या लहानपणची गोष्ट सांगतायत, शाळेतून पळून आली होती ती. आता तीच गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगतायत. जीभ जरा जड झालीय, दोन शब्दांचा एक होतोय. वयच आहे. पंखा वाढवू का विचारलं. म्हणाल्या, पंख्याचाच आवाज येतोय का हा? पंखा तर बंद आहे.

आता बोटं आपोआप ठेका धरल्यासारखी हलतायत. मनात गाणं चालू असणार. आणि अखेर गप्प बसल्या. सासूबाई गप्प बसल्याचा हा ऐतिहासिक क्षण नोंदवून ठेव

२९ मार्च

ते वाक्य तिथेच राहिलं. पूर्ण करायची हिंमत नाही.

त्यांना आकडी आली. सगळं अंग ताठ झालं, मग खुर्ची हादरायला लागली. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. खालचा सायकलवाला वर धावत आला, त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. मी काय केलं? त्या थंड पडतील म्हणून पायांवर जाड पांघरूण घातलं. फिल्म काढायचं सुचलंसुद्धा नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, गप्पा मारत बसलो होतो. काही औषध घेतलं? मी म्हणालो, रोजची हृदयाची गोळी. दुसरं काही? मी म्हणालो, नाही.

मला माहीत होतं. इथे तरी खरं लिहितो. मलमामुळे झालं हे माहीत नव्हतं, पण मलम सांगायला हवं हे माहीत होतं, आणि मला लाज वाटली. बायको येऊन पोचली होती. दाढसम्राट पांढऱ्या कोटातच धावत आला होता. त्या दोघांसमोर माझी जीभ उचलेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूचा झटका असेल, स्कॅनला न्या. स्ट्रेचर निघालं. दाराच्या उंबऱ्यावर त्याला धक्का बसला आणि पांघरुणाखाली प्लास्टिक चुरचुरलं. तो आवाज फक्त मलाच कळला. बाकी कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

"थांबा," मी ओरडलो. "पायांना मलम आहे."

"कसलं?"

"बधिरीचं. दोन्ही पायांना. वरून फिल्म आहे."

डॉक्टरीणबाईंनी पांघरूण ओढलं. सगळे एकदम बोलायला लागले. किती? सहा नळ्या. कधीपासून? सकाळपासून. नळी आहे? खिशात होती, दिली. कात्रीने फिल्म कापली, ओल्या कापडाने पाय पुसले, धुतले, पुन्हा धुतले. पडद्यावरचे ठोके तोवर इतके मंद झाले होते की दोन ठोक्यांच्या मध्ये मी देवाला चार आश्वासनं दिली. मग दुधासारखं पांढरंशुभ्र सलाईन आणलं. ते म्हणे चरबीचं असतं, रक्तातलं औषध स्वतःकडे ओढून घेतं.

"पेशंटचं वजन किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सलाईन वजनावर द्यायचं असतं. मी बायकोकडे बघितलं, बायकोने भावाकडे बघितलं, दाढसम्राटाने जमिनीकडे बघितलं. शेवटी नर्सने अंदाजाने सांगितलं आणि सलाईन सुरू झालं.

संध्याकाळी ठोके सुधारले. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी काही तक्रार होती का? ओठ बधिर होणं, तोंडात धातूची चव, कान वाजणं, बोलणं जड होणं, बोटं उडणं? हेच ओळखायचे पहिले इशारे असतात.

होती. सगळी होती, क्रमाने होती. मी ती विनोद म्हणून लिहून ठेवलीय.

पोहण्याच्या बाईंना फोन केला. धडधाकट आहेत. मी कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या मला नव्या होत्या. मी सगळ्या ऐकून घेतल्या. पाटी काढली. उरलेल्या नळ्या हॉस्पिटलच्या औषधवाल्याला देऊन टाकल्या.

३१ मार्च

सासूबाईंना शुद्ध येऊन दोन दिवस झाले, आता नीट बोलतात. पहिलं वाक्य नर्सला, की चहा पुचाट आहे. माझ्या जिवात जीव आला.

पण दुपारी भलतंच झालं. हॉस्पिटलच्या बाकावर मी एकटा बसलो होतो. गेले चार दिवस दाढसम्राट माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो आला, शेजारी बसला आणि चष्मा पुसत म्हणाला, "मला माफ कर."

मला वाटलं आता मलाच आकडी येणार.

"आईने सांगितलं," तो म्हणाला. "तू घोट्यापाशी इवलंसं लावलं होतंस. तू खाली रंग आणायला गेलास तेव्हा तिनेच उरलेल्या नळ्या पिळल्या आणि प्लास्टिक गुंडाळलं. तिला दुखायची भीती वाटत होती म्हणे. आणि मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणालो."

मी गप्प बसलो. काय सांगू, छान वाटलं! इतक्या वर्षांत या माणसाने माझ्यापुढे मान खाली घातली नव्हती. बायकोसुद्धा आज माझ्याशी सरळ बोलली, डब्यात मला वेगळी भाजी आणली. मी ती खाल्ली. भाजी चांगली होती. पुढे काय लिहावं सुचत नाही.

२ एप्रिल

सकाळी वॉर्डात मी आणि सासूबाई दोघंच होतो. विचारलं, "आई, असं खोटं का सांगितलंत?"

"मग काय खरं सांगू? तो तुम्हाला जन्मभर ऐकवत बसेल. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही का?"

"तुम्हाला कळलं नव्हतं का काही होतंय ते?"

सासूबाई म्हणाल्या, "कान वाजायला लागले तेव्हाच म्हणणार होते. पण तुम्ही लिहीत होतात. मधूनमधून माझ्याकडे बघत होतात. इतके खुशीत होतात हो! बाकावर ती धूळ बघितली होती मी. म्हटलं, अर्ध्यातून उठले तर याचं दुकान गेलं. थोडं सोसू."

न दुखणाऱ्या टॅटूसाठी या बाई सोसत होत्या. आणि मी समोर बसून त्यांच्या जिभेची थट्टा लिहीत होतो. मला तिथेच रडू आलं. नर्स म्हणाली, पेशंटला त्रास देऊ नका. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, जावई आहेत."

तिथून तडक दाढसम्राटाच्या दवाखान्यात गेलो. बाहेर चार-पाच जण गाल धरून बसले होते. आत शिरलो, दार लावलं. दुसरी जागा नव्हती म्हणून त्याच्या खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. शेकणं, घासणं, सहाच्या सहा नळ्या, फिल्म, टॉवेल. गोळीचं ठाऊक असून लावलं हे सांगितलं. पोहण्याच्या बाईंचंही सांगितलं. आई खोटं बोलल्या, मला वाचवायला. तुझी माफी मला नको, ती परत घे.

तो हातातलं हत्यार पुसत उभा होता. पुसून झालं तरी पुसत राहिला.

"इतक्या जागेवर लावायचंच नसतं," तो अखेर म्हणाला. "छोटी जागा, पातळ थर, प्लास्टिक नाही, शेक नाही. डॉक्टरला विचारून. आणि माणसाला सोडून नजर हलवायची नाही."

"नजर नव्हती हलवली. समोर बसून बघत होतो."

"बघत होतास. विचारलं नाहीस."

"विचारलं. मस्त म्हणाल्या."

मला वाटलं आता सुरू होईल, जन्मभराचं ऐकवणं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. तो स्टूल ओढून समोर बसला.

"डॉक्टरांनी आईचं वजन विचारलं," तो म्हणाला. "मी रोज इथे येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. वजन, गोळ्या, झोप, सगळं. आणि तिथे मला सांगता आलं नाही. एका घरात राहतो आम्ही. गेल्या वर्षभरात ती इतकी वाळली, मला दिसलंच नाही."

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, डॉक्टर, फार ठणकतंय. तो उठला, हात धुतले आणि दाराकडे जाता जाता म्हणाला, "संध्याकाळी वजनकाटा घेऊन जाऊ हॉस्पिटलात. तू चल. मी विचारलं की ती मस्तच म्हणते."